कट कुणी म्हटलं?

२ जानेवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. ही कुणासाठी नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय. उद्या कुणी माझ्यावर अभ्यास करायला बसला तर त्याचे डोळे जायला नकोत.

धाकट्याचा फोन आला होता. त्याला सिनेमा मिळालाय. पहिलाच, आणि थेट युद्धपट. बंदुका, तोफा, शेकडो सैनिक. म्हणाला, दादा, हा सिनेमा कसा बनतो यावर एक डॉक्युमेंटरी करायची आहे, तू करशील का? मी म्हटलं, विचार करून कळवतो. दहा मिनिटांनी कळवलं. जास्त ताणलं असतं तर बिचारा खचला असता.

खरं काय ते मी ओळखलं. त्याला सेटवर माझा आधार हवाय, पण तोंडाने म्हणायला लाजतो. लहानपणी सायकल त्याला मीच शिकवली. म्हणजे सायकल माझी होती.

बायको म्हणाली, आईंनी भाऊजींच्या मागे लकडा लावला होता, मोठ्यालाही काहीतरी दे म्हणून. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तिला सगळीकडे कसले ना कसले जंतू दिसतात.

५ जानेवारी

संकल्प. सेटवर कमी बोलायचं. मान किंचित तिरकी ठेवायची. आणि शूट केलेलं अजिबात बघायचं नाही. रोज संध्याकाळी आपलंच शूटिंग बघत बसणं हे कारकुनाचं काम झालं. खरा दिग्दर्शक मनातल्या मनात बघतो. कॅमेऱ्याची कार्डं परस्पर एडिटर मुलीकडे जातील. शेवटी एकदम पडद्यावर बघणार.

नवीन जाकीट घेतलं, पुष्कळ खिशांचं. बायको विचारते, एवढ्या खिशांत ठेवणार काय? सध्या एकात रोजनिशी आणि एकात कंगवा आहे. बाकीचे भरतील.

आईला नमस्कार करायला गेलो. म्हणाली, त्याला सांभाळून घे रे, त्याची ही एकच संधी आहे, दहा वर्षं लोकांच्या मागे फिरलाय. मी म्हटलं, आई, काळजीच सोड. मलाही संधी आहे हे ती बोलली नाही. गृहीत धरलं असणार.

११ जानेवारी

सेट. उघडी टेकडी, वर लाकडी चौकी उभी राहतेय. सुतार दिवसभर ठोकाठोक करतोय. शेवटी ती स्फोटात जळणार आहे. सिनेमाचा सगळा जीव त्या एका शॉटमध्ये.

मला कॅमेरामन दिलाय त्याला सगळे मुका म्हणतात. बोलता येतं, बोलत नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, दाखवायचं काय? मी म्हटलं, माणसाच्या आत पेटलेलं युद्ध. तो बॅटरी बदलायला गेला तो जेवणाच्या सुट्टीनंतर आला.

धाकट्याचं युनिट म्हणजे आनंदीआनंद. रणगाडा म्हणजे ट्रॅक्टरला प्लायवुड ठोकलेलं. दमट हवेत त्याची तोफ खाली वाकते. हिरोला मोठ्या आवाजाची भीती. युद्धपटाचा हिरो! कानात कापूस घालून लढतो. कापसामुळे ‘ॲक्शन’ ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या पायाला दोरी बांधलीय. ॲक्शन म्हटलं की एक जण दोरी ओढतो आणि हिरो शत्रूवर तुटून पडतो. कालच्या शॉटमध्ये नुसताच पडला.

मी सगळं टिपतोय. माझी डॉक्युमेंटरी गाजणार यात मला शंका नाही. सिनेमा आपटला तर जास्तच गाजेल. अर्थात तो आपटू नये असंच मला मनापासून वाटतं.

१४ जानेवारी

इथले पहिले असिस्टंट म्हणजे काका. आयुष्य सेटवर गेलंय, आवाज बसका, सगळं युनिट त्यांच्या धाकात. ते टेकडीच्या मधोमध वॉकी-टॉकी घेऊन उभे राहतात. त्या वॉकीवरून जे येतं ते सगळ्यांनी ऐकायचं, कोण बोललं ते विचारायचं नाही. धाकटा कट म्हणाला की काका वॉकीवर कट म्हणतात, लगेच तिन्ही कॅमेरे बंद, मेलेले सैनिक उठून चहा मागतात.

मी एक वॉकी मागितला. काका म्हणाले, तुम्हाला कशाला? मी म्हटलं, मीही दिग्दर्शक आहे. ते म्हणाले, सेटवर एकच असतो. धाकट्याने मध्ये पडून दिला मला. दादाला द्या, म्हणाला, त्याला बरं वाटेल. काकांनी देता देता बजावलं, यावर कट हा शब्द चुकूनसुद्धा उच्चारायचा नाही. मला! सिनेमा शिकवतात.

वॉकी हातात असला की भारदस्त दिसतो माणूस. कॅमेऱ्यासमोर निवेदन देताना मी तो माईकसारखा धरतो. रिकाम्या हाताने बोललं तर देणगी मागतोय असं वाटतं. अंगठा बटणावर टेकला की पकड पक्की बसते.

१९ जानेवारी

काका आज वैतागले होते. चॅनलवर मधूनच कुणाचं तरी बोलणं घुसतंय, म्हणाले, कुणाचं बटण दाबलं जातंय ते बघा. कुणी बघितलं नाही. ढिसाळ युनिट. मी तर स्वतःचंच निवेदन बसवण्यात गुंतलो होतो. एक वाक्य अडतंय. अडलं की चिडतो, चिडलो की मूठ आवळली जाते. कलावंताला हे चालायचंच.

२३ जानेवारी

सुवर्णक्षण! हिरो रुसून निघून गेला, रणगाड्याचं चाक निखळलं, आणि धाकटा व्हॅनच्या मागे जाऊन ओकला. मी मुक्याला घेऊन तिथे हजर. धाकट्याने लेन्ससमोर हात धरला. म्हणाला, दादा, आत्ता नको ना. मी मुक्याला म्हटलं, कॅमेरा खाली घेऊ नकोस, हात काढेल तो. मुक्याने खाली घेतला. एवढंच नाही, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

मुक्याची तक्रार करणार आहे. भावाची कीव मलाही येते, पण ती मी कॅमेरा चालू ठेवून करतो.

संध्याकाळी धाकटा माझ्या खोलीवर आला. पलंगाच्या कडेला बसून राहिला. म्हणाला, दादा, हे जमलं नाही ना, तर मला परत कुणी उभं करणार नाही. मी म्हटलं, हेच वाक्य उद्या उजेडात परत म्हणशील का? तो हसला. थट्टा वाटली त्याला.

२९ जानेवारी

निर्मातीणबाई सेटवर आल्या होत्या. जाड चष्मा, कमी शब्द. मी त्यांना बाजूला घेऊन आपुलकीने सांगितलं की दिग्दर्शक थकलाय, त्याच्याने हे पेलत नाहीये, आणि वेळ आलीच तर सिनेमाची भाषा जाणणारा माणूस टेकडीवर हजर आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, त्याचा सख्खा मोठा भाऊ. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. छाप पडली.

ही चुगली नव्हे. चुगली माणूस स्वार्थासाठी करतो.

५ फेब्रुवारी

चौकी जळाली. सिनेमात नाही, नुसतीच.

मन शांत ठेवून लिहितो. एकदाच घ्यायचा शॉट. हिरो जखमी मित्राला खांद्यावर टाकून चौकीतून धावत येणार. मोठ्या दगडापाशी आला की स्फोटवाला बटण दाबणार. बटण दाबलं की थोड्या वेळाने स्फोट होतोच, मग देवसुद्धा थांबवू शकत नाही. तोवर हिरो सुरक्षित जागी पोचणार आणि मागे चौकी पेटणार.

मी त्या वेळी शेजारच्या टेकाडावर होतो. पाठ चौकीकडे, तोंड मुक्याच्या कॅमेऱ्याकडे. मागे युद्ध, पुढे मी, अशी माझी फ्रेम. निवेदन रंगात आलं होतं. युद्ध म्हणजे काय? युद्ध म्हणजे माणसाने माणसाच्या... इथे वारा तोंडात गेला आणि वाक्य फसलं. मी मुक्याला थांबायला सांगितलं. साहजिक आहे. परत घेऊ म्हटलं आणि केस नीट करू लागलो.

नेमकं त्याच सुमारास वॉकीवर कुणीतरी कट, कट ओरडलं. तिन्ही कॅमेरे बंद पडले. मेलेले उठले. ते बघून हिरोने मित्राला धपकन खाली टाकलं आणि कानातला कापूस काढला. मग स्फोट झाला. एवढा मोठा की माझा कंगवा हातातून पडला. वळून बघितलं तर चौकी नव्हती.

सुतार जमिनीवर बसला. हिरोला उचलून न्यावं लागलं. धाकटा मात्र जळणाऱ्या चौकीकडे बघत नव्हता. तो टेकाडाकडे बघत होता, माझ्याकडे. अशा प्रसंगी माणूस घरच्या माणसाकडेच बघतो.

६ फेब्रुवारी

युनिटमध्ये एकच चर्चा, कट कुणी म्हटलं? वॉकीवर सगळेच आवाज घोगरे येतात.

बाईंनी मला विचारलं, तुमचं काय मत? मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेणार नाही. फक्त एवढंच बघा की वॉकीवर कट म्हणायचं काम कुणाचं असतं. आणि वय झालं की माणसाचा ताल सुटतो.

बाईंनी काकांना बोलावलं. सगळ्यांसमोर. काका म्हणाले, माझा आवाज मला कळत नाही का? मी नाही म्हटलं. त्यांची हनुवटी थरथरत होती. मुक्याला म्हटलं, क्लोज घे. त्याने घेतला नाही.

८ फेब्रुवारी

काका घरी गेले. वॉकी टेबलावर ठेवला, चष्म्याच्या काचा पुसल्या आणि चालत निघाले. गाडी देतो म्हटलं तरी बसले नाहीत. वाईट वाटलं मला. पण शिस्त म्हणजे शिस्त.

दुपारी भलतंच. धाकटा बाईंकडे गेला आणि म्हणाला, काकांना परत बोलवा, कट मी म्हटलं. माझी चूक झाली.

मी थक्क. घरातच चोर! पण विचार केला तर पटतं. त्याचे हातपाय गळाले होतेच, ऐन वेळी घाबरून ओरडला असणार. लहानपणी पाण्यातही असाच घाबरायचा. बाईंनी त्याला काढून टाकलं. काकांना निरोप गेला, पण ते परत येईनात.

सिनेमा आता दिग्दर्शकाविना. इस्त्रीचा शर्ट घातलाय. फोन जवळ आहे.

९ फेब्रुवारी

फोन नाही. रेंज तपासली.

१० फेब्रुवारी

बाईंनी सिनेमा बंद केला. पुढे कुणालाच नको म्हणाल्या. मी स्वतः जाऊन भेटलो, तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, तुमची डॉक्युमेंटरी संपली का? मी म्हटलं, अजून नाही. म्हणाल्या, मग घरी जाऊन संपवा. बाईंचा धीर सुटलाय, दुसरं काय.

आईला सिनेमा बंद पडल्याचं मीच सांगितलं, हळुवारपणे. ती भाजी निवडत होती, ती निवडून झालेलीच परत निवडायला लागली.

१७ फेब्रुवारी

नियती! एडिटर मुलीने बाईंना कळवलंय की स्फोटाच्या वेळी एक कॅमेरा चालू होता. मुक्याचा. मी थांब म्हटलं तरी थांबला नव्हता. त्याला विचारलं तर खांदे उडवतो. बाकी तिन्ही बंद, त्यामुळे चौकी जळताना जगात फक्त माझ्या डॉक्युमेंटरीत आहे. ही माझी दूरदृष्टी. मुक्याला अवज्ञेची मोकळीक मीच दिली होती, नकळत.

बाई म्हणाल्या, आता विकण्यासारखं एवढंच उरलंय. डॉक्युमेंटरी मोठ्या पडद्यावर आणू. मी लगेच कल्पना मांडली. नुसतं कसं बनलं हे दाखवून चालणार नाही, लोकांना गुन्हेगार हवा असतो. नाव ठेवू, ‘कट कुणी म्हटलं?’ सुरुवातीपासून शोध, सगळ्यांवर संशय, शेवटी पुराव्यासकट उलगडा. एडिटर मुलगी एकदम म्हणाली, सर, तुम्ही ते फुटेज बघितलंय का? मी तिला माझं तत्त्व समजावून सांगितलं. ती बाईंकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, करा.

संकल्प. भाऊ असला तरी गय करायची नाही.

२२ फेब्रुवारी

काकांची मुलाखत. त्यांच्या घरी. दोन खोल्या, खिडकीत कुंड्या. त्यांच्या मुलीने दार उघडलं, आत घ्यायला तयार नव्हती. काका म्हणाले, येऊ दे, धाकट्या साहेबांचे भाऊ आहेत.

विचारलं, इतकी वर्षं या धंद्यात काढून शेवटी हाकलले गेलात, कसं वाटतं? ते कुंडीतली माती बोटाने उकरत राहिले. मग म्हणाले, त्या पोराने माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर घेतलं. खोटं बोलला तो. मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, तो माझ्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड बंद होतं.

वय झालंय. हा भाग कापायला सांगणार आहे.

जिन्यात मुक्याने तोंड उघडलं. म्हणाला, साहेब, सोडून द्या हे सगळं. मी म्हटलं, सत्याला घाबरतोस? तो म्हणाला, मी नाही.

२६ फेब्रुवारी

धाकट्याची मुलाखत. भिंतीसमोर खुर्ची, एकच दिवा, चेहऱ्यावर. दाढी वाढलीय, गाल बसलेत. कॅमेऱ्याला छान दिसतं.

मी सरळ विचारलं. कट कुणी म्हटलं?

मी म्हटलं, म्हणाला.

का?

चुकून.

स्वतःचा सिनेमा स्वतःच्या तोंडाने मारलास. इतक्या लोकांची मेहनत. आईला काय सांगशील?

त्याचे डोळे भरले. दादा, आईला काही सांगू नकोस, म्हणाला, तिचा जीव आहे. मी विचारलं, तुझ्यावर ना? तो म्हणाला, आपल्या दोघांवर.

कबुली! एका टेकमध्ये! घरी येऊन बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती म्हणाली, आणि तू कुठे होतास तेव्हा? मी म्हटलं, टेकाडावर, निवेदन देत. म्हणाली, मग निवेदन थांबवताना तू काय म्हणालास? मी म्हटलं, थांब म्हणालो. ती म्हणाली, कुठल्या शब्दात?

घरी कामाचं बोलायचं नाही असा संकल्प केलाय.

९ मार्च

एडिटर मुलीचे फोनवर फोन. सर, एकदा येऊन बघून जा. सर, प्लीज. ही पिढी पायऱ्या चढताना कठड्याला चिकटून चढते. मी तिला फोनवरच सूचना दिल्या. आधी कबुली. मग पूर्ण शांतता. मग पुरावा, मुक्याच्या कॅमेऱ्यातला तो क्षण, आवाजासकट. एकदा दाखवून भागणार नाही, तीनदा दाखव. तिसऱ्यांदा सावकाश. लोकांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, लिहून घे.

जाता जाता म्हणाली की धाकटा तिच्याकडे येऊन गेला. तेवढा भाग काढून टाक म्हणून विनवत होता, बाईंच्याही पाया पडायचा बाकी होता. बाईंनी ऐकलं नाही. बरं झालं. स्वतःला वाचवायला बघतो, आणि तेही माझ्या कलाकृतीतून.

२८ मार्च

उद्या शो. सगळ्या नातेवाइकांना बोलावलंय. दोन्ही आत्या, मावशी, बायकोच्या माहेरचे सगळे, ज्यांनी आजवर मला काय करतोस असं विचारलं ते झाडून. आईला पहिल्या रांगेत बसवणार. भाषण पाठ केलंय. त्यात एक वाक्य धाकट्याला माफ करण्याबद्दल आहे. तिथे आवाज थोडा कापला पाहिजे, आरशासमोर जमतंय.

२९ मार्च

गर्दी चांगली होती.

दिग्दर्शक म्हणून माझं नाव पडद्यावर आलं. मोठ्या अक्षरात. आत्याने टाळी वाजवली.

रणगाड्याला हसले, हिरोच्या दोरीला हसले. काकांच्या वेळी चिडीचूप. मी काढायला सांगितलेला भाग काढला नव्हता. मग धाकट्याची कबुली. हुंदके ऐकू आले. मग शांतता, माझ्या सूचनेप्रमाणे.

मग पडद्यावर मी. इतका मोठा मी मला कधी बघितला नव्हता. जाकीट छान दिसत होतं. मागे लांब हिरो धावतोय. मी बोलतोय. वाक्य फसतं. मी वॉकी घट्ट धरून तोंड उघडतो आणि ओरडतो, कट! कट! माझं परत घेऊ! मागे सगळं युद्ध जागच्या जागी थांबतं. मेलेले उठून बसतात. मी खिशातून कंगवा काढतो. भांग पाडतो. माझ्या कानामागे चौकी आभाळात उडते.

असा हशा मी कुठल्याही थिएटरात ऐकलेला नाही.

दुसऱ्यांदा दाखवलं. अर्धेच हसले. आईला हल्ली नीट दिसत नाही, पण कान तिखट आहेत. ती मोठ्याने म्हणाली, अगं बाई, हा तर आपला मोठा! आणि कौतुकाने हसली. बायको तिच्या कानात काहीतरी बोलली.

तिसऱ्यांदा सावकाश. कुणीच हसलं नाही. आई मान वळवून अंधारात धाकट्याला शोधत होती. तो दाराशी उभा होता, काकांच्या शेजारी.

भाषण झालं नाही. वेळ नव्हता.

३० मार्च

शांतपणे विचार केला. मी कट म्हटलं ते मुक्याला. माझ्या कॅमेऱ्यासाठी, माझ्या अधिकारात. ते इतरांनी ऐकून स्वतःचे कॅमेरे बंद केले यात माझा काय दोष? दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायचं कशाला? बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या बहाण्यांचा आता मला कंटाळा येत नाही, भीती वाटते. उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

आई धाकट्याकडे राहायला गेली. मला वाटतं त्याच्याकडे पायऱ्या कमी आहेत म्हणून.

१४ एप्रिल

तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. दुकानात, बँकेत, लिफ्टमध्ये लोक ओळखतात. एक जण म्हणाला, साहेब, एकदा म्हणा ना. मी म्हटलं. त्याच्या बायकोने भांग पाडायलाही लावला. प्रसिद्धी वाईट नसते.

काकांना दुसऱ्या एका सेटवर मानाने बोलावलं. मुक्याला कसलं तरी बक्षीस आहे. मला आलेला एकमेव फोन केसांच्या तेलाच्या कंपनीचा, तोही चौकशीचा.

धाकट्याला फोन केला नाही. त्यानेच करायला हवा, मी मोठा आहे.

३ मे, दुपार

आनंदाची बातमी. धाकट्याला नवा सिनेमा मिळाला. निर्माते दुसरे. डॉक्युमेंटरी बघून म्हणाले की जो माणूस दुसऱ्यासाठी असा उभा राहतो त्याच्याबरोबर काम करायचंय. म्हणजे माझ्यामुळेच. जाकीट धुवायला टाकलं.

बायकोला आईकडून कळलं की करारात एक अट आहे. दिग्दर्शकाच्या मोठ्या भावाने सेटवर पाऊल ठेवायचं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परकी माणसं आता भावाभावांत भिंत घालणार! ठरवलं, मानापमान बाजूला ठेवून त्याला फोन करायचा. असली अट फाडून फेक म्हणावं, माझी काळजी करू नकोस पण घराण्याची लाज राख. बायको म्हणाली, नको करूस फोन. मी केला.

त्याने उचलला. मी सगळं बोललो. तो मध्ये बोलला नाही, लहानपणापासून तशी सवय आहे त्याला. माझं संपल्यावर म्हणाला, दादा, ती अट त्यांची नाही. मीच घालून घेतली.

मी काहीतरी बोलणार होतो. वाक्य जमेना.

पलीकडे आईचा आवाज येत होता, कुणाशी बोलतोयस म्हणून विचारत होती. त्याने तिला काय सांगितलं ते कळलं नाही, तोंडासमोर हात धरला असावा. मग मला म्हणाला, जेवलास का? मी हो म्हटलं. म्हणाला, बरं, ठेवतो.

जेवलो नव्हतो.